कोंड्याचा मांडा : बॅच नंबर सात

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा. सकाळी ९.१०
आजच्या मुहूर्तावर रोजनिशीला सुरुवात. मोठ्या शास्त्रज्ञांची अशी वही असते. पुढे काचेच्या कपाटात ठेवतात.

प्रकल्प : शेतीतल्या टाकाऊ मालापासून औद्योगिक एन्झाइम. टाकाऊ माल म्हणजे गव्हाचा कोंडा. कामगार म्हणजे बुरशी. मालक म्हणजे मी. बुरशी कोंड्यावर वाढते आणि वाढता वाढता एन्झाइम सोडते. ते पाण्यात उतरवायचं, गाळायचं, विकायचं. कापडाची खळ, म्हणजे स्टार्च, काढायला जीन्सवाले हेच वापरतात.

यात एक काव्य आहे. अण्णांनी मिलच्या सायझिंग खात्यात तेहतीस वर्षं सुताला खळ लावली. त्यांचा मुलगा आता ती काढणार. एका पिढीत घराण्याचा यू-टर्न.

माझं क्वालिफिकेशन : औषध कंपनीत सव्वीस वर्षं (पॅकिंग), व्हीआरएस, आणि तीन तासांचा वेबिनार, सर्टिफिकेटसह. सर्टिफिकेट फ्रेम केलं.

वनमालाला सांगितलं. कोर्टाला सुट्टी म्हणून ती घरी होती. म्हणाली, "अहो, बाल्कनीतली तुळस जगवून दाखवा आधी."

दृष्टी प्रत्येकाला नसते.

३ ऑक्टोबर
रुचिराने (कन्या, एम.एस्सी. मायक्रो, पवईला लॅबमध्ये नोकरी) लेक्चर दिलं. "बाबा, तू सगळं लिहून ठेव. किती कोंडा, किती पाणी, किती तास. आणि प्रत्येक डब्याला लेबल लाव. नाहीतर तो प्रयोग नाही रे, नुसती घाण."

नोकरदार माणसाचा विचार. कृती लिहून ठेवली आणि वही चोरीला गेली तर? यात फक्त विचार लिहायचे. कृती डोक्यात.

५ ऑक्टोबर, रविवार
कोंडा आणायला भांडुपला म्हशींच्या खाद्याच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, म्हशी किती? सध्या एकही नाही म्हटलं. मग खाणार कोण? बुरशी, म्हटलं. त्याने पोत्याचं तोंड बांधता बांधता दोनदा माझ्याकडे पाहिलं. रिक्षात पोतं फुटलं. रिक्षावाल्याच्या डोक्यात कोंडा. त्याने यावर जो विनोद केला तो लिहिण्यासारखा नाही.

८ ऑक्टोबर
बुरशीचं पाकीट कुरियरने आलं. जपानी जातीची. दारू आणि सॉस करतात म्हणे हिच्यावर. वनमाला पाकीट उलटसुलट करत म्हणाली, "पावावर आली की मी फेकत होते. आणि तुम्ही पत्ता देऊन मागवली?"

आतली खोली आजपासून लॅब. दारावर 'प्रवेश निषिद्ध'. वनमालाने आत जाऊन येताना बोर्डावरच ओला टॉवेल टाकला.

१२ ऑक्टोबर, रविवार
बॅच १. कोंडा भिजवला, मोदकपात्रात वाफवला, गार केला, पाकिटातली पूड पेरली. कृती गुप्त. (वनमाला मोदकपात्राबद्दल बोलली. तेही गुप्तच ठेवतो.)

१६ ऑक्टोबर
बॅच १ आंबली. दोष कोंड्याचा.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज
बॅच २ वाळली. दोष पंख्याचा. बॅच ३ ला मुंग्या. मुंग्या आल्या म्हणजे गोडी आली, म्हणजे एन्झाइमने स्टार्चची साखर केली. तांत्रिकदृष्ट्या यश. रुचिरा म्हणाली, तिथे काल करंज्यांचा डबा होता.

संकल्प : १) रोज सकाळी सहाला उठणे. २) कुणाशीही वाद न घालणे. ३) बॅच ४ ला फराळापासून दूर ठेवणे.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.४०
उशिरा उठलो. सहाला उठणारे लोक जगात भरपूर आहेत, एन्झाइमवाले किती?

दुसऱ्या मजल्यावरचा गुजराती निमेश जिन्यात भेटला. "दशरथकाका, तुमच्याकडून वास कसला येतो?" वरवर साधा प्रश्न. पण निमेशचा साडू वापीला केमिकलमध्ये आहे. मी म्हटलं, सुकट. म्हणाला, "नाय, सुकट नाय. सुकट आम्हाला पण आता ओळखता येते ना." आणि हसला.

हसला का?

३० ऑक्टोबर
धाकट्या भावाचा फोन. भांडुपची त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते. तो भाड्याच्या एका खोलीत जाणार. अण्णा एक डिसेंबरपासून आपल्याकडे.

वनमाला म्हणाली, आतली खोली अण्णांची. मी म्हटलं, लॅब? ती म्हणाली, "त्यांच्या छातीत तेहतीस वर्षांचा कापूस आहे. रात्रभर खोकतात. त्यावर तुमची बुरशी पेरायची नाही. तीस नोव्हेंबरपर्यंत काय करायचं ते करा. जमलं तर जागा शोधा, नाही जमलं तर विषय बंद. कायमचा. मग माझ्या तोंडाकडे बघायचं नाही."

वनमाला दिंडोशीच्या कोर्टात सीनियर क्लार्क आहे. ती घरी बोलली तरी तारीख पडते.

३ नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक. साकीनाक्याला अल्पेश म्हणून एक जण जीन्स धुण्याचं युनिट चालवतो. जाऊन भेटलो. व्हिजिटिंग कार्ड दिलं (दशरथ, फाउंडर). तो म्हणाला, "दशरथभाई, सोमवारी चोवीस तारखेला या. दोन पँटची खळ काढून दाखवा. निघाली तर मागचा कोपरा तुमचा, तिथेच बनवा, मीच घेतो. नाय निघाली तर आपण चाय पिऊ, पण परत माझा टाइम नाय घ्यायचा."

म्हणजे सगळं जुळलं. चोवीसला ट्रायल, तीसच्या आत लॅब साकीनाक्याला, एकला अण्णा मोकळ्या खोलीत. राहिलं फक्त एन्झाइम.

६ नोव्हेंबर
बॅच ४ हिरवी. बॅच ५ काळी. रुचिराने नाकाला रुमाल लावून दोन्ही फेकायला लावल्या. म्हणे ही आपली बुरशी नाही, कुठली तरी आगंतुक आहे, विषारीही असू शकते. मी म्हटलं, अतिथी देवो भव. हसली नाही. मास्क आणून दिला.

१० नोव्हेंबर
बॅच ६ बद्दल बोलायचं नाही.

निमेशने वनमालाला विचारलं, काकांचं काय संशोधन चाललंय? तिने त्याला *सगळं* सांगितलं! कोंड्यासकट! मी संतापलो. म्हणाली, "अहो, त्याला ऐकूनही काही कळलं नाही. तुम्हाला तरी कळलंय का?"

लॅबला कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवली ते इथे लिहीत नाही.

११ नोव्हेंबर
किल्ली सापडेना. कुलूप तोडलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बॅच ७. या वेळी डोकं चालवलं. एक विशेष घटक घातला. अगदी ऐन वेळी सुचला. पाण्याचं प्रमाणही बदललं. काय आणि किती, हे वहीलासुद्धा सांगणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी ७
झालं! झालं! झालं!

पांढरीशुभ्र, दाट, दुलईसारखी बुरशी. वास भाजलेल्या शेंगदाण्यांचा. पाण्यात भिजवून पंच्यातून गाळली. दोन लिटर तपकिरी द्रव.

रुचिराने स्वतः टेस्ट घेतली. भाताच्या पेजेत आयोडीन टाकलं की पेज काळीनिळी होते, कारण स्टार्च. दुसऱ्या वाटीत पेजेत माझं एन्झाइम घालून अर्धा तास गरम पाण्यात ठेवलं, मग आयोडीन. पिवळंच राहिलं! सगळा स्टार्च खल्लास! पोरीने वाटी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "बाबा, झकास. खरंच. आता बस आणि काय काय केलंस ते आत्ताच्या आत्ता लिही."

लिहितो म्हटलं.

लिहिलं नाही. यशाच्या क्षणी गाफील राहतो तो संपतो.

१९ नोव्हेंबर
निमेश दारात. साखर मागायला. गुजराती घरात साखर संपते?

२२ नोव्हेंबर, शनिवार
सुरक्षेची अंतिम योजना. शत्रू लॅबमध्ये शोधणार. म्हणून माल लॅबमध्ये ठेवायचाच नाही! सगळं एन्झाइम तेलाच्या पांढऱ्या कॅनमध्ये ओतलं. कॅनमधून आतलं दिसत नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वर लेबल, माझ्या अक्षरात : 'पेज'.

आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज असतेच. तिचा रंगही असाच तांबूस. निमेश सात जन्मांत ओळखणार नाही. रुचिरा मागे लागली होती ना, लेबल लाव, लेबल लाव? लावलं.

घरातसुद्धा कुणाला सांगितलं नाही. भिंतींना कान असतात, आणि वनमालाला तोंड.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी केस कापून, कलप लावून आलो. उद्या फोटो निघतील.

दुपारी आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस. "मित्रहो, कोंडा म्हणजे काय?" इथे थांबायचं. लोकांना विचार करू द्यायचा.

वनमालाचा रविवार म्हणजे साड्यांना खळ करण्याचा दिवस. तिच्या सुती साड्या कडक असतात, अगदी पापडासारख्या. तिचं म्हणणं, कोर्टात साहेबांना आधी तिची साडी ऐकू येते, मग ती दिसते. उद्या नवी कोरी जांभळी हातमागाची नेसणार आहे. संध्याकाळी इस्त्री करताना काहीतरी सांगत होती. पेज जरा आंबली होती, टाकवेना, म्हणून सगळी साडीलाच वापरली, कॅन धुऊन दुपारची ताजी भरून ठेवली, असं काहीसं. घरगुती विषय. मी "मित्रहो"वर होतो. लक्ष दिलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.३०
कॅन उचलला. एन्झाइम कालपेक्षा दाट झालंय. कॉन्सन्ट्रेशन आपोआप वाढलंय! वासही सौम्य झालाय, जवळजवळ जेवणासारखा. प्रॉडक्ट मॅच्युअर होतंय.

वनमाला लिंक रोडच्या बसला निघाली. जाताना दारात थांबून पदराकडे बघत होती. म्हणाली, "आज साडी अशी का पडली आहे?" मी म्हटलं, आज साडीचा दिवस नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४
वस्तुनिष्ठपणे लिहितो.

अल्पेशने दोन कोऱ्या पँट काढल्या. टबात गरम पाणी. माझं सगळं एन्झाइम ओतलं. युनिटच्या मास्तराने, अंबादास नाव त्याचं, टबात हात घालून बोटं नाकाशी नेली आणि अल्पेशला म्हणाला, "सेठ, भूक लागली." मी दुर्लक्ष केलं. अर्धा तास भिजवल्या. पिळल्या. ड्रायरमध्ये घातल्या.

ड्रायरमधून पँट निघाल्या त्या चालण्याच्या पोझमध्ये.

अंबादासने एक जमिनीवर ठेवली. ती उभी राहिली. एकटी. आत कोणी नसताना. त्याने गुडघ्यावर टिचकी मारली. दारावर मारल्यासारखा आवाज आला. सगळे कामगार जमले. कोणीतरी तिच्या कमरेत स्टीलचा ग्लास ठेवला. तो राहिला.

अल्पेशने ग्लास उचलून परत ठेवून पाहिला. मग म्हणाला, "दशरथभाई, काढायला सांगितली होती ना? तुम्ही तर वरून लावली." मी म्हटलं, ही रिव्हर्स रिॲक्शन आहे, संशोधनात होते. तो म्हणाला, "असेल. पण ही पँट घालून माणूस बसणार कसा, ते पण संशोधन करा."

भाषण केलं नाही. चहा प्यायलो. ठरल्याप्रमाणे.

रात्री ८
वनमाला वैतागून आली. साडी दिवसभर अंगावर ओल्या फडक्यासारखी. शिरस्तेदारांनी विचारलं, मॅडम, बरं नाही का? साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली तरी साहेबांनी मान वर केली नाही.

आज सगळ्यांनाच वाईट दिवस गेला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही.

२८ नोव्हेंबर
लॅब आवरली. सर्टिफिकेटची फ्रेम काढली. भिंतीला खिळा राहिला. वनमाला म्हणाली, असू दे, अण्णांची टोपी राहील. काही टोचून बोलली नाही. त्याचंच टोचलं.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११
अण्णा आले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, खोकला. वय एक्क्याऐंशी, चार यत्ता शिकलेले. आल्या आल्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. दोरीवर ती जांभळी साडी होती. सवयीने पदर अंगठा आणि बोटात धरून चोळला. पुन्हा चोळला. उठून काठ चोळला. मग मला हाक मारली.

"दशरथा, ह्या साडयेची खळ खय गेली रे?"

मी म्हटलं, अण्णा, धुतली की जाते.

"माका शिकवतंस? धुतल्यार अशी जायत नाय. कोरी साडी ही. मागावरची खळ पण नाय रवली. कोणीतरी काढलेली आसा. मुळापासून." आणि मग, आजवर मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता असा शब्द : "उस्ताद आसा कोणतरी."

वनमाला आतून म्हणाली, नाही हो अण्णा, उलट मी खळ घातली होती. ओट्याखालच्या कॅनमधली पेज.

मी कॅनकडे पाहिलं. रुचिरा रजेवर होती. तिने कॅनकडे पाहिलं, मग लेबलकडे, मग लेबलवरच्या माझ्या अक्षराकडे. मग ती जमिनीवर बसली आणि हसून हसून तिला पंधरा मिनिटं उठता आलं नाही.

दुपारी १
पण याचा अर्थ काय? बॅच ७ *चालली*! अख्ख्या मुंबईत खळ ओळखणारा यापेक्षा मोठा माणूस नाही आणि त्याने उस्ताद म्हटलं. मला! अल्पेशला फोन केला. आधी उचलला नाही, मग उचलला. साडी घेऊन गेलो. अंबादासनेही चोळून पाहिली, मान हलवली. अल्पेश म्हणाला, "एक लास्ट चान्स. पंधरा तारखेपर्यंत परत तोच माल आणा. तोच हां, पेज नाय."

घरी येऊन वही उघडली. बॅच ७ ची कृती बघायला.

दुपारी १.१०
"काय आणि किती, हे वहीलासुद्धा सांगणार नाही."

दुपारी १.२५
रुचिरा म्हणते, आठव. पाणी किती? विशेष घटक कोणता? किती तास ठेवली? ऐन वेळी सुचला होता म्हणजे स्वयंपाकघरातला असणार. बेसन? मीठ? करंजीचं सारण? मी डोळे मिटून बसलो. डोळ्यांसमोर फक्त निमेश येतो.

७ डिसेंबर, रविवार
बॅच ८, बेसन घालून, बाल्कनीत. रात्री गारठा. गुलाबी झाली. बॅच ९, मीठ घालून. काहीच उगवलं नाही, बुरशीलासुद्धा नको होतं.

निमेश वर आला. शेगडीसारखा एक डबा घेऊन. म्हणाला, "काका, आम्ही ढोकळ्याचं पीठ थंडीत यात ठेवतो. काकींनी सांगितलं होतं तुमचं. तुमची ती बुरशी पण ठेवून बघा ना."

त्याला बस म्हटलं. चहा दिला. साखर जास्त घातली.

१० डिसेंबर, बुधवार. पहाटे
बॅच १० निमेशच्या डब्यात. आज पांढरी होऊ लागली. पण बाल्कनीचं दार म्हणजे अण्णांच्या खोलीचं दार. बुरशीची पूड उडते. अण्णा तीन रात्री बसून काढतायत. काल विचारलं तर म्हणाले, "तुझा काम चलू दे. माका सवय आसा धुळीची."

सव्वाचारला उठून बॅच १० पिशवीत बांधली आणि खाली नेऊन टाकली. बाल्कनी दोनदा फिनेलने पुसली.

हा धोरणात्मक विराम आहे.

१४ डिसेंबर, रविवार. सायंकाळी ५
अल्पेशला फोन करून जमणार नाही असं सांगितलं. म्हणाला, ठीक आहे, चाय पिऊन जा कधीतरी, ती पँट अजून उभी आहे, अंबादास तिच्यावर टॉवेल वाळत घालतो.

वनमालाने खळीची बादली माझ्यापुढे सरकवली. विषय बंद झाला की माणसाने घरात उपयोगी पडावं, असं तिचं मत. अण्णा खुर्चीत. "पातळ कर. अजून. बोट बुडवन बघ." मी विचारलं, पाणी किती म्हणायचं? त्यांनी ट्रंकेतून एक वही काढायला लावली. लाल कापडाची, कडा झिजलेल्या. आत मिलमधली तेहतीस वर्षं. रोजची तारीख, स्टार्च किती, चरबी किती, पाणी किती, कढई किती तापली, सूत तुटलं का, का तुटलं. मोडक्या अक्षरात. एक दिवस सुटलेला नाही. संपाचे दिवससुद्धा : 'आज खळ नाय.'

मी म्हटलं, अण्णा, ही चोरीला गेली असती तर?

"चोरतलो कोण?" अण्णा म्हणाले. "आणि चोरल्यान तर वाचतलो. वाचून बरी खळ करीत."

तर लिहितो. उकड्या तांदळाची पेज एक लिटर. पाणी तीन लिटर. मीठ चिमूटभर. साडी एक, जांभळी. दहा मिनिटं. सावलीत वाळवणे. कृती पूर्ण. वनमालाने वाचून पाहिली आणि 'बरोबर' अशी खूण केली.

उरलेली कॅनमध्ये भरली.

लेबल : पेज. आत : पेज.